बोळा

आमच्या मामांचं घर सोलापूरच्या पूर्व भागात आहे. पुढं दोन राहत्या खोल्या, मधे स्वयंपाकघर, मागं पत्र्याखाली दोन पॉवरलूम. त्या मागच्या शेडला आमच्याकडं कारखाना म्हणतात. माग दोनच असले तरी कारखानाच. स्वयंपाकघर आणि कारखाना यांच्यामध्ये दार नाही, नुसती चौकट आहे. स्वयंपाकघराची पश्चिमेची भिंत गल्लीकडची, जुनी, चांगली दीड फूट जाड. तिच्यात वर, पत्र्याच्या हातभर खाली, एक झरोका आहे आणि झरोक्यात बोळा आहे. जुन्या चादरीचा तुकडा पिळून, ठासून बसवलेला. त्यावरून रंगाचे इतके हात फिरलेत की नवख्या माणसाला तो भिंतीचा फुगवटाच वाटतो.

माझी धाकटी बहीण सिव्हिल इंजिनिअर. चैत्रातल्या एका रविवारी आम्ही दोघं मामांकडं गेलो, तेव्हा मामी काळ्या तिखटाच्या मिरच्या भाजत होती. पुढच्या खोलीत आम्ही तिघंही ठसकत होतो, डोळे पुसत होतो, आणि मामा अशाही अवस्थेत बहिणीला जुळे सोलापुरातल्या फ्लॅटचे भाव विचारत होते. तिनं उत्तर दिलं नाही. उठून स्वयंपाकघरात गेली, भिंत बघितली, गल्लीत जाऊन बाहेरूनही बघितली आणि परत येऊन बसली. पुढचं बोलणं मी जवळपास जसंच्या तसं देतो आहे. मधे माझी लुडबुड आहे, ती ओळखू येईल.

भाची : मामा, परवा एक माणूस पाठवते. कोअर कटिंगचं मशीन घेऊन येईल. अर्ध्या तासात सहा इंची गोल भोक पाडून देतो. त्यात पाईप बसवायचा, बाहेरून टोपी, आतून एक्झॉस्ट फॅन. मामीचा जीव सुटेल.

मामा : भोक आहे की.

भाची : आहे, पण बुजलेलं.

मामा : बुजलेलं नव्हं, बुजवलेलं. मीच बुजवलंय.

भाची : तेच तर. का?

मामा : तू भिंत शिकलीस, मी सूत शिकलो, म्हणून. माग आणले त्या उन्हाळ्यात ताणा टिकेना. सकाळी आठपर्यंत चाले. ऊन चढलं की टक्, धागा तुटला. गाठ मारून चालू केला की दुसरीकडं टक्. दिवसभरात कापड कमी आणि गाठी जास्त. मिलमध्ये आयुष्य गेलं म्हणून कळलं, की माग बरा आहे, हवा वाईट आहे. त्या झरोक्यातून पश्चिमेचा वारा यायचा तो चुलीवरून थेट मागावर. सगळी ओल पिऊन जायचा. बोळा बसवला, खिडक्यांना ओलं गोणपाट टांगलं, जमिनीवर पाणी मारलं. त्या दिवसापासून ताणा गप्प.

इथं मला मामांची बाजू घ्यायला हवी, कारण बहिणीच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं. कापसाचं सूत ओलं झालं की त्याची ताकद वाढते, कोरडं पडलं की ते ठिसूळ होतं. चांगल्या हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओल धरून असतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा इतकी कोरडी होते, की सकाळी वाळत घातलेलं धोतर चहा पिऊन होईतो कडक झालेलं असतं. अशा गावात कापड विणायचं तर ओल कुठून तरी चोरून आणावी लागते. जुने विणकर खड्डामागावर बसायचे. पाय खड्ड्यात, ताणा जमिनीलगत, आणि जमिनीची ओल अलगद सुताला लागलेली. गिरण्यांनी तेच काम यंत्रांनी केलं, हवेत पाण्याचे तुषार सोडून.

इंग्लंडात लँकेशायरच्या मालकांनी तर विणकाम खात्यात वाफच सोडली होती. माणसं भिजलेल्या कपड्यांनी थंडीत घरी जायची. आरडाओरडा झाला तेव्हा १८८९ साली तिथल्या सरकारला कायदा करावा लागला. हवेत ओल किती असावी याची मर्यादा आली आणि त्याच कायद्यात माणशी तासाला ६०० घनफूट ताजी हवा आत आली पाहिजे असंही आलं. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही वायुवीजनाचं कलम तेरावं होतं आणि कृत्रिम ओलीचं पंधरावं. सुताची बाजू आणि छातीची बाजू, मधे एकाच कलमाचं अंतर. अर्थात मामांच्या दोन मागांच्या दारापर्यंत असले कायदे कधी आलेच नाहीत.

भाची : बरं, सुताचं झालं. मामीचं काय?

मामा : तिनं कधी तक्रार केली नाही.

मामी : (आतून) विचारलं कोणी?

भाची : मामा, तुम्ही मिलमध्ये होता. छातीत कापूस भरलेली माणसं बघितली असतील. सोमवारी कामावर आली की दम लागणारी.

मामा : बघितली की. युनियनवाले पण हेच सांगायचे, खिडक्या उघडा म्हणून. आणि उघडल्या की आमचीच माणसं जाऊन लावायची. पगार कापडावर होता, बाई. धागा तुटला की माग थांबतो, माग थांबला की आकडा थांबतो. खिडकी मालकानं लावली असं तुझ्या पुस्तकात असेल. मी माझ्या हातानं लावलीय.

बहीण गप्प झाली. मलाही हे नवं होतं. सोलापूरचे दोन मोठे घरधंदे म्हणजे माग आणि विडी, आणि दोन्ही वाऱ्याचे वैरी, हे माझ्या ध्यानात त्या दिवशी आलं. विडीचं तेंदूचं पान भिजवून, ओल्या फडक्यात ठेवून मऊ राखावं लागतं. वारा लागला की वळताना फाटतं. सुपातली तंबाखू पंख्यानं उडते. म्हणून विड्या वळणाऱ्या बायका उकाड्यातही पंखा बंद ठेवून बसतात. कुंभारीला २००६ साली विडी कामगार बायकांना दहा हजार घरकुलं मिळाली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. पुढं त्याच भागात रे नगर झालं, तिथल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ ला दिल्या गेल्या. अशा घरांचा नकाशा काढणारा खोलीला खिडकी, झरोका देतो तो माणूस राहणार म्हणून. त्या खोलीत पानसुद्धा राहणार आहे आणि पानाला झरोका नको आहे, हे त्याला कोण सांगणार? मग झरोक्यात पुठ्ठा जातो. पुठ्ठा लावणारीला अडाणी म्हणून आपण मोकळे होतो.

भाची : ठीक आहे. बोळा का बसवला ते कळलं. आता मी काय बघितलं ते सांगते. मामीच्या पातेल्यांची बुडं काळी आहेत.

मामा : घासली नसतील.

मामी : (आतून) घासून हात गेले.

भाची : घासायचा प्रश्न नाही. गॅस नीट जळला तर ज्योत निळी असते आणि बूड काळं होत नाही. इथं ज्योत पिवळी आहे. बर्नर उचलून बघितला, हवा घ्यायच्या भोकात कापसाचा भुगा बसलाय. तुमच्या मागाचा. म्हणजे गॅस येतोय पूर्ण आणि हवा मिळतेय अर्धी. अर्धवट जळालं की काजळी होते, ती दिसते. त्याच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड होतो, तो दिसत नाही, त्याला वासही नाही. रक्तात ऑक्सिजनच्या जागेवर जाऊन बसतो आणि ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट बसतो.

मामा : तेवढं एवढ्याशा शेगडीत?

भाची : एक किलो गॅस जळायला साधारण पंधरा किलो हवा लागते. तुमची टाकी १४.२ किलोची. म्हणजे एका टाकीमागं दोनशे किलोच्या वर हवा या खोलीत आली पाहिजे आणि जळून बाहेर गेली पाहिजे. ती कुठून येते सांगा. खिडकी बंद, झरोक्यात बोळा. पत्र्याच्या पन्हळीखालच्या फटीसुद्धा तुम्ही सिमेंटनं भरून टाकल्यात.

मामा : पाली येत होत्या.

भाची : बरं. आणि एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाणी तयार होतं, वाफेचं. टाकीमागं वीस-बावीस लिटर. म्हणून तर पावसाळ्यात तुमच्या भिंतींना बुरशी येते.

मामा : थांब. वीस लिटर पाणी?

भाची : हो.

मामा : आणि ते तू गल्लीत सोडणार? मी इथं बादलीनं जमिनीवर पाणी मारतोय, नळाला पाणी चार दिवसांनी येतंय, आणि तू वीस लिटर ओल बाहेर टाकायला फॅन लावणार! अगं, भोक पाडायचंच तर कारखान्याच्या बाजूला पाड.

मला हसू आवरेना, पण हिशेब चोख होता. चुलीची वाफ मागाला. बहीणही हसली, मग म्हणाली की वाफेबरोबर तेल आणि फोडणीही येईल, चादरीला लसणाचा वास मारेल, आणि जो वायू मामीच्या छातीत जायला नको तो कारखान्यात उभ्या असलेल्या पोराच्या छातीत जाईल. मामांना लसणाचं जास्त पटलं. चादरीचं गिऱ्हाईक चादर आधी नाकाला लावतं, असं म्हणाले.

जाता जाता एक गंमत. १९४८ च्या त्या कायद्यात गर्दीचंही कलम होतं. नव्या कारखान्यात माणशी किमान किती जागा असावी, तर १४.२ घनमीटर. टाकीतल्या गॅसचं वजन १४.२ किलो. दोन्ही आकडे एकमेकांना ओळखत नाहीत, पण आमच्या मामांच्या घरात ते भिंतीला भिंत लावून राहतात.

भाची : मग फॅन नको असेल तर शेगडीवर चिमणी बसवू.

मामा : सोलापुरात चिमणीचं नाव काढू नको. पाडतात.

बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजप्रकल्पाची उंच चिमणी विमानाच्या वाटेत येते म्हणून वर्षानुवर्षं भांडण चाललं, आणि १५ जून २०२३ ला ती पाडली. तेव्हापासून गावात चिमणी हा शब्द कुणी साधेपणानं उच्चारत नाही. विमान पुढं सुरू झालं, २०२५ च्या जूनमध्ये, गोव्याला. मामांचं म्हणणं, गोव्याला आम्ही एसटीनं जात होतो.

भाची : शिवाय ज्या चिमणीला बाहेर जाणारा पाईप नसतो, नुसती जाळी असते, ती तेल अडवते. वायू अडवत नाही. तीच हवा पुन्हा मामीच्या तोंडावर सोडते. म्हणजे फिरून भिंत आलीच.

मामा : मला सांग, बेचाळीस डिग्रीची हवा आत घ्यायची अक्कल कुठल्या कॉलेजात देतात? आमच्या वाडवडिलांनी माळवदाची घरं बांधली. दीड-दोन फुटाच्या भिंती, वर पांढरी माती, खिडक्या बोटावर मोजण्याइतक्या. दुपारी आत शिरलं की गारवा. तुझ्या जुळे सोलापुरात भिंतभर काचा लावतात आणि आत एसी लावून बसतात.

भाची : त्याबाबतीत पुस्तक तुमच्याच बाजूनं आहे. राष्ट्रीय बांधकाम संहिता म्हणते, दमट उष्ण गावात खिडक्या-झरोके मिळून जमिनीच्या एक षष्ठांश असावेत. कोरड्या उष्ण गावात एक दशांश पुरे. म्हणजे मुंबईपेक्षा सोलापूरला कमी.

मामा : (माझ्याकडं बघून) ऐकलंस?

भाची : पण पुरतं ऐका. या स्वयंपाकघराची जमीन दहा बाय बारा. एक दशांश म्हणजे बारा चौरस फूट. तुमची खिडकी तीन बाय अडीच, तीही लावलेली. आणि मी जो सहा इंची पाईप म्हणते त्याचं तोंड जेमतेम अठ्ठावीस चौरस इंच. मामीची भाकरी त्याच्यापेक्षा मोठी असते. तेवढ्यानं घर तापत नाही. आणि त्यातून हवा आत यायला नकोच आहे, बाहेर जायला हवी आहे. गरम हवा वर चढते, वर वाट मिळाली की निघते. माळवदाला काय होतं?

मामा : साणं होतं. चुलीच्या वर. पाऊस आला की वर चढून फरशी सरकवायची, तो मान माझा होता. साण्यातून उन्हाचा कवडसा पडायचा, आईला त्यावरून वेळ कळायची.

भाची : ते साणं उन्हाळ्यात बुजवायचात?

मामा : चूल पेटती असताना साणं कोण बुजवेल? घर धुरानं भरेल.

भाची : मग गॅस पेटता असताना झरोका का बुजवला?

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "गॅसला धूर नसतो." आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं असावं. चूल जाऊन गॅस आला, तेव्हा धूर गेला म्हणून धुराची वाटही गेली. माळवद उतरवून पत्रे आले, साणं गेलं. धूर डोळ्याला झोंबायचा, म्हणून त्याला घाबरून माणसं वाट ठेवायची. आता जे हवेत उरतं ते झोंबत नाही. मला वाटतं सगळं भांडण इथं होतं, आणि दोघंही आतापर्यंत वेगवेगळ्या हवेबद्दल बोलत होते. एक हवा माणसाच्या सोयीची. ती दुपारी बंद, रात्री मोकळी, असं करावं, आणि ते मामांना आमच्या इंजिनिअरपेक्षा जास्त कळतं. दुसरी हवा जाळाची. तिला जाळ आहे तोवर दुपार नाही न् रात्र नाही. एकाच भोकाकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेलं की माणूस पहिल्या कामासाठी बोळा ठासतो आणि दुसरं काम त्या बोळ्यामागं अडकून राहतं.

यानंतर मामीनं भाषण न करता एक अडचण सांगितली, ती दोघांच्याही डोक्यात नव्हती. खिडकी उघडली की पश्चिमेचा वारा थेट शेगडीवर येतो, जाळ हलतो, कधी विझतो. म्हणून ती खिडकी लावून घेते. सुताशी तिचा काही संबंध नाही. बहिणीनं लगेच कागदावरचा पाईप ओट्यावरून उचलून वर नेला. ओट्याच्या उंचीला केलेलं भोक वाऱ्याच्या बाजूला असलं तर ते वाट नसतं, फुंकणी असते.

तेवढ्यात तिला खाटेखाली एक खोकं दिसलं.

भाची : हे काय?

मामा : गॅस गिझर. पुण्याहून पाठवलाय पोरानं. न्हाणीत लावायचाय, थंडीत बरा.

भाची : न्हाणी चार बाय सहा. दार लावून आंघोळ. तिथं हा जाळ पेटवणार? मामा, शेगडीपुढं माणूस उभा असतो, ठसकला तर बाहेर येतो. न्हाणीत पहिल्यांदा पायांतली ताकद जाते. कडी काढायलाही हात उठत नाही.

मामा : मग तिथं पाड तुझं भोक.

भाची : तिथं भोक पुरत नाही. आणि इकडं स्वयंपाकघरात फॅन लावला, दारं-खिडक्या बंद असल्या, तर फॅन हवा ओढणार कुठून? न्हाणीतून. म्हणजे गिझरचा जळका वायू उलटा घरात.

मामा : एवढं कशाला? बाहेर ठेव. बंब काय आम्ही न्हाणीत पेटवत होतो? परसात असायचा, तुरकाठ्या घालायच्या, पाणी बादलीनं आत न्यायचं. याला तर नळी आहे.

बहिणीनं पेन खाली ठेवलं. गिझर परसात, वर छोटं पत्र्याचं छप्पर, भिंतीतून फक्त नळीपुरतं भोक. तिच्या साऱ्या आकडेमोडीचं हेच उत्तर होतं आणि ते बंबाकडून आलं.

मधेच तिनं १८ मे २०२५ चा विषय काढला. त्या दिवशी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला पहाटे आग लागली आणि आठ माणसं गेली. काम आणि बिऱ्हाड एकाच छताखाली. मामा एवढंच म्हणाले, "त्याला भोक नाही, दार लागतं." बहिणीनं मान डोलावली आणि तो विषय पुढं रेटला नाही. झरोक्याच्या भांडणात त्या माणसांना साक्षीला बोलवायला नको होतं, हे तिच्याही लक्षात आलं. पण कारखान्याच्या मागच्या दाराला टेकवून ठेवलेली सुताची पोती त्याच संध्याकाळी हलली, आणि ती मामांनीच हलवली.

मंगळवारी मशीनवाला आला नाही. त्याच्याऐवजी बहिणीच्या साईटवरचा एक म्हातारा मिस्त्री आला, नुसती भिंत बघायला. त्यानं छिन्नीच्या दांड्यानं इथं तिथं ठोकलं, एका कोपऱ्यातला गिलावा टवकला, आणि बोट घालून पांढरी माती काढून दाखवली. दोन पदरी दगडी भिंत. बाहेरून एक पदर, आतून एक, मधे माती आणि खडी. वर सिमेंटचा गिलावा नंतरचा.

"मशीन चालणार नाही ताई," तो म्हणाला. "मशीनला पाणी लागतं. पाणी आतल्या मातीत गेलं की माती बसणार. माती बसली की वरचा दगड कुठं येईल, मी सांगू शकत नाही."

बहिणीचा चेहरा पडला. विटेच्या, काँक्रीटच्या भिंतीला मशीनसारखं सुबक काही नाही. तुळई, खांब टाळला की झालं. पण ही भिंत कशाची आहे हे तिनं विचारलंच नव्हतं. वरचा गुळगुळीत गिलावा बघून आत वीट धरून चालली होती. मामांनी त्यावर काहीही टोमणा मारला नाही, आणि ते मला टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

मिस्त्रीनं वर बघितलं. "झरोका आहे की. त्याच्यावर फरशी आहे, भार तिनं घेतलाय. बांधणारा शहाणा होता. नवं भोक कशाला पाडता?"

बोळा निघायला वीस मिनिटं लागली. रंगाची साल आधी फुटली, मग सुताचा लगदा, मग काजळी, आणि गल्लीच्या तोंडाला चिमणीच्या घरट्याच्या काड्या. खऱ्या चिमणीच्या. बोळा उलगडल्यावर आतल्या घडीत मोराची नक्षी निघाली, रंग अगदी ताजा. मामांनी चष्मा लावून ती बघितली. त्यांच्या स्वतःच्या मागावरची पहिली चादर, काठाशी फसलेली, म्हणून विकली नव्हती.

बाकीचं काम सांगण्यासारखं फार नाही. झरोक्यात सहा इंची पीव्हीसीचा पाईप, गल्लीकडं अर्धा इंच उतरता, म्हणजे पावसाचं पाणी आत वळणार नाही. भोवती दगडाच्या चिपा आणि चुन्याचा माल. बाहेर खाली तोंड असलेली टोपी, दोन्ही बाजूंना आडोसा, कारण पावसाळ्यातला वारा इकडूनच मारतो. आत जाळी, पण बारीक नाही. बारीक जाळी कापसाच्या भुग्यानं महिन्यात बुजली असती. ती स्क्रूनं काढता येते आणि मामी दर अमावास्येला धुते. समोरच्या घराची खिडकी टोपीच्या रेषेत येत होती, म्हणून टोपी थोडी वर घेतली आणि त्यांच्याकडं आधी जाऊन चहा पिऊन आलो. फॅन लावला नाही. परसदाराच्या खालच्या फळीला जमिनीलगत जाळी बसवली: एक तर तिथून हवा आत येते, आणि दुसरं, हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीवर पसरतो, त्यालाही वाट. पूर्वी हे काम मोरीचं भोक करायचं. मोरीला फरशी आणि सापळा आल्यापासून तेही बंद.

सगळ्यात जास्त खर्च आला तो वेगळ्याच गोष्टीला. स्वयंपाकघर आणि कारखाना यांच्यामधल्या त्या चौकटीला दार बसवलं. मामांची अट तीच होती. चुलीची हवा चुलीकडं, सुताची सुताकडं. कारखान्यात पाणी मारणं, गोणपाट टांगणं चालूच आहे. तिथल्या पोराच्या छातीचं काय, हा बहिणीचा प्रश्न त्या दारामागं राहिला आहे आणि ती तो दर भेटीत काढते. मामा म्हणतात, बघू.

धुतलेला बोळा मामांनी टाकला नाही. घडी करून फळीवर ठेवला आहे, झरोक्याच्या बरोबर खाली, हात पोचेल असा. बहिणीला ते दिसलं तेव्हा ती काही बोलली नाही. पण जाळीला एक लांब सुताचा धागा बांधलेला दिसला, तेव्हा मात्र विचारलं. मामा म्हणाले, मिलमध्ये हवा कुठून कुठं चाललीय ते आम्ही असंच बघायचो. शेगडी पेटली की धागा पाईपात ओढला जातो. विझली की सरळ लोंबतो.

परवा दुपारी तिच्या फोनवर मामांचा फोन आला. मी शेजारीच होतो, आवाज मोठा असतो त्यांचा.

"अगं, आज वारा उलटा आहे. धागा आत येतोय. शेगडी बंद आहे. येऊ देऊ?"

"मागाचं दार लावलंय?"

"लावलंय."

"मग येऊ दे."

"धूळ येतीय थोडी," मामा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला नाही.